नऊ हजारांचं आढं

राजाराम आंगचेकर बजेट मांडायला बसला की आधी साबण लावून हात धुवायचा. जेवायला बसताना त्याने इतके स्वच्छ हात धुतलेले त्याच्या बहिणीने कधी पाहिले नव्हते. मग पिशवीतून कचेरीतले लांबलचक आखीव कागद निघायचे, दोन कार्बन निघायचे, आणि तो जे लिहायचा त्याच्या एकदम तीन प्रती व्हायच्या. पहिली त्याची. दुसरी धाकट्या विद्याधरची. तिसरी, जिच्यावर अक्षरांऐवजी निळसर सावल्याच उमटायच्या, ती मालनताईची. ती तिला वाचता यावी असा कुणाचा आग्रहही नव्हता.

साल एक्क्याऐंशी. जानेवारीपासून दर रविवारी सकाळी दहाला राजाराम चेंबूरहून आणि विद्याधर बोरिवलीहून मुलुंडला, बापाच्या घरी येत होते. घराची दुरुस्ती काढायची होती. आई गेल्यापासून, म्हणजे गेली पाच वर्षं, दोघं हेच म्हणत होते. आणि त्या पाच वर्षांत घराचं जे काही झालं ते मालनच्या डोक्यावर झालं होतं. पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं होतं. मोरीच्या कोपऱ्यात हात टेकला की गिलावा हातात यायचा. वाशांना वाळवी लागली होती आणि पावसाळ्यात अकरा ठिकाणी गळायचं. कुठल्या गळतीखाली टोप लागतो, कुठे परात आणि कुठे नुसता पेला पुरतो, हे मालनला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. भावांना यातलं काही माहीत नव्हतं. पावसाळ्यात ते मुलुंडला येत नसत. चिखल असतो म्हणे.

मालन चव्वेचाळीस वर्षांची. मुलुंडच्याच एका औषध कंपनीत तेवीस वर्षं पॅकिंगला होती. मशीनमधून गोळ्यांच्या पट्ट्या सुटायच्या, आणि जिच्यातला एखादा कप्पा रिकामा असेल ती पट्टी उचलून बाजूला टाकायची, हे तिचं काम. तेवीस वर्षं रिकामे कप्पे हुडकून तिची नजर अशी तयार झाली होती की माणूस बोलायला लागला की त्यातलं कुठलं वाक्य पोकळ आहे हे तिला आधी कळायचं. भावांच्या बाबतीत फारसं हुडकावं लागत नसे.

लग्नासाठी तिला दोनदा बघून गेले होते. पहिल्या वेळी अर्धांगाने बाबांचा डावा हात आणि पाय गेला. दुसऱ्या वेळी आईने अंथरूण धरलं. दोन्ही वेळा भाऊ "ताई आहे ना" म्हणाले आणि आपापल्या संसाराला लागले. दोघांचंही हगणंमुतणं मालनने काढलं. बाराव्या-तेराव्याला पाटावर मात्र राजाराम बसला, नवीन धोतर नेसून, आणि आलेल्या माणसांनी जाताना त्याचं सांत्वन केलं.

असा हा राजाराम. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. दर अर्ध्या तासाने त्याच्या बोलण्यात एक गोष्ट यायचीच, की आपण नोकरीला लागलो ते परीक्षा देऊन, पहिल्या झटक्यात. "वशिला नाही, चिरीमिरी नाही," तो विद्याधरच्या मांडीवर थाप मारून म्हणायचा. "आपण कुणाच्या एका पैशाचे मिंधे नाही, यार!" विद्याधर विमा विकायचा. त्याच्याकडे पैसे कधीच नसत, ओळखी मात्र सगळीकडे असत. सिमेंटला तेव्हा परमिट लागायचं, आणि परमिट देणाऱ्या साहेबाशी विद्याधरची ओळख होती. वीटभट्टीवाल्याशी होती, पत्रेवाल्याशी होती. मालनला एकदा वाटलं, याची फक्त स्वतःच्या खिशाशी ओळख व्हायची राहिली आहे. आणि तिसरी शकु, राजारामची बायको. ती बजेटात बोलत नसे. ती खोल्यांतून हिंडायची आणि पावलांनी मापं घ्यायची.

पहिलं बजेट झालं ते असं. एकूण खर्च एकतीस हजार. त्यात मालनने बारा हजार घालायचे, प्रॉव्हिडंट फंडातून काढून. राजारामने पाच. विद्याधरने तीन. राजारामने कामावर देखरेख करायची, तिचे दोन हजार त्याच्या नावावर जमा धरायचे.

"देखरेखीचे?" मालनने विचारलं.

"मग? बाहेरचा सुपरवायझर ठेवलास तर फुकट येईल काय तो?"

मालन सुरमईचे तुकडे रव्यात घोळवत होती. दर रविवारची सुरमई तिच्याच पैशांची होती आणि तिला बजेटात कुठे जागा नव्हती. ती फक्त एवढंच म्हणाली की माझे बारा हजार माझ्या हातातून मिस्त्रीला जातील, कुणाकडे जमा होणार नाहीत. राजारामने नाक मुरडलं, पण बारा हजार म्हणजे बारा हजार होते.

"राहिले नऊ," राजाराम म्हणाला आणि पेनाने वर दाखवलं. "ते तिथे आहेत."

सगळ्यांनी वर बघितलं. घराचं आढं, म्हणजे ज्याच्यावर दोन्ही बाजूंचं कौलारू छप्पर टेकलं होतं तो बावीस फुटी जाडजूड ओंडका, काळा कुळकुळीत, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. त्याच्या मधोमध लाल फडक्यात बांधलेला नारळ लोंबत होता. फडक्याचा रंग आता विटेसारखा झाला होता. घर बांधलं तेव्हा आढं चढवताना त्याची पूजा करून तो बांधलेला होता, गावाकडच्या रीतीने. आढ्याखाली दोन तुळया, त्याही तशाच काळ्या.

"अस्सल सागवान," राजाराम म्हणाला. "एकावन्न साली बाबांनी आईच्या पाटल्या मोडून आणलेलं. आपण आता स्लॅब टाकणार, मग ह्याचं काय करायचंय? जुन्या सागवानाला काय भाव आहे माहितीये? नऊ हजार कुठे गेले नाहीत!"

मालनचा हात रव्यात तसाच राहिला. कारण ते सागवान नव्हतं, आणि हे जगात आता फक्त तिला माहीत होतं.

होतं एके काळी. बाबा, काशीराम आंगचेकर, गिरणीच्या सुतारखात्यात होते आणि लाकडातलं त्यांना कळत होतं. एकावन्न साली त्यांनी खरोखरच सागवान चढवलं. पण बासष्टच्या मे महिन्यात राजारामची परीक्षा झाली, तो काठावर पास झाला, आणि कचेरीतल्या एका माणसाने निरोप धाडला की यादीत नाव वर घ्यायचं तर सातशे रुपये पडतील. राजाराम तेव्हा धाकट्या विद्याधरला घेऊन मालवणला आत्याकडे निकालाची वाट बघत आंबे खात होता. बाबांनी कौलं चाळायच्या निमित्ताने छप्पर उघडलं, खात्यातले दोन मित्र आणले, आढं आणि दोन्ही तुळया उतरवून हातगाडीवर घातल्या आणि त्यांच्या जागी आंब्याचं लाकूड चढवलं. पंचवीस वर्षांच्या मालनने अळशीच्या तेलात काजळी कालवली आणि शिडीवर उभं राहून फडक्याने ते लाकूड काळं केलं. पंधरा दिवस तिच्या नखांतलं काळं गेलं नाही. शेवटी बाबांनी तोच नारळ, त्याच लाल फडक्यात, पुन्हा मधोमध बांधला.

"राजाक सांगू नको गो," ते तिला म्हणाले. "पोराची मान खाली जायत."

तिने कबूल केलं होतं. म्हणून त्या पहिल्या रविवारी ती गप्प बसली. बसली, पण मनात म्हणाली की बजेट पुरं व्हायच्या आत एखाद्या दिवशी राजारामला बाजूला घेऊन सांगू, मान खाली जाणार नाही अशा बेताने.

ते सांगणं राहून गेलं, त्याला कारण तिसरी प्रत. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सगळे सुरमई खाऊन, ढेकर देऊन गेल्यावर मालनने तो निळसर कागद खिडकीपाशी उजेडात धरला आणि ओळीओळीने लावला. बाहेरची खोली: राजाराम. आतली खोली: मुलं. ओटा, शकुच्या उंचीचा. आणि शेवटून दुसरी ओळ: पोटमाळा, उंची चार फूट, ताई, रु. साडेसहाशे.

पुढच्या रविवारी तिने सरळ विचारलं. राजाराम जराही गडबडला नाही.

"आम्ही पाच माणसं, ताई. चेंबूरची खोली भाड्याने दिली तर दोन पैसे येतील, म्हणून आम्ही इकडेच येतोय. बोललो नव्हतो का तुला? आणि तुला एकटीला लागतं किती? झोपायपुरतंच ना?"

"माझे गुडघे दुखतात. शिडी चढायची मी?"

"लोखंडी शिडी करू," विद्याधर म्हणाला. "माझी ओळख आहे."

शकुने मान हलवली. "आणि वर ऊब राहते ताई, थंडीत."

मालनला राग आला, पण तो रागापुरताच राहिला नाही. तिला त्यांची किळस आली. बारा हजार तिचे, वीस वर्षांची घरपट्टी तिची, अकरा गळत्या तिच्या, आणि ही दोन घोडी तिला तिच्याच पैशांनी माळ्यावर चढवायला निघाली होती, ते सुद्धा जागा जास्त खाऊ नये म्हणून चारच फूट उंचीच्या. तिने आढ्याकडे बघितलं. मग ती चहा टाकायला उठली आणि सांगायचं ते तिने सांगितलं नाही. आता बाबांच्या शब्दासाठी ती गप्प नव्हती. तिला बघायचं होतं, ही माणसं कुठवर जातात.

तो मग तिचा रविवारचा विरंगुळाच झाला. राजाराम नऊ हजारांचे साडेनऊ करायचा, मोझॅकची लादी वाढवायचा, न्हाणीत पांढऱ्या टाइल्स घालायचा, आणि मालन आमटीला फोडणी देता देता ऐकायची. इतकी मजा तिला वर्षानुवर्षांत आली नव्हती. पेनाने आढं दाखवण्याची त्याला सवयच लागली. बापाच्या हयातीत त्याने बापाकडे इतक्यांदा मान वर करून बघितलं नव्हतं.

मार्चमध्ये धोंडू मिस्त्री आला. तळकोकणातला म्हातारा गवंडी, मालनच्या ओळखीचा. त्याने भिंतींवर थापीच्या मुठीने ठोकून पाहिलं, मग वर बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"ह्यां लाकूड इकूचा आसात तर आधी गिरमिटान एक भोक मारून बघूया," तो म्हणाला. "बारीकसा. मगे कळात काय तां."

"भोक?" शकु केवढ्यांदा ओरडली. "अहो, नारळ बांधलेलं आढं आहे ते! पूजा केलेली आहे! त्याला भोक पाडायचं?"

राजारामनेही कपाळाला आठ्या घातल्या. बाबांनी देव मानून चढवलेलं आढं, त्याला गिरमिट लावणं त्याच्या बुद्धीला पटेना. ते विकणं मात्र पटत होतं. अख्खं आढं देवासकट विकायला काढणाऱ्या या माणसांना एका भोकाचं पाप लागणार होतं. धोंडूने मालनकडे बघितलं. एक शब्द तिने बोलायला हवा होता. ती बोलली नाही.

पाडव्याला नारळ फोडून कामाला हात घातला आणि पुढच्या रविवारी धोंडूच्या माणसांनी कौलं उतरवली. सिमेंट आलेलं नव्हतं. परमिटवाला साहेब बाहेरगावी गेला होता. राजारामचे पाच हजार आणि विद्याधरचे तीन "पहिल्या हप्त्याला" यायचे होते. पण छप्पर उघडायलाच हवं होतं, कारण लाकूड उतरवल्याशिवाय व्यापारी भाव करायला तयार नव्हता. मालनने भांडीकुंडी शेजारच्या जानकीकडे नेऊन ठेवली. दुपारी दोराने बांधून आढं खाली घेतलं, मग तुळया. शकुने नारळ सोडवून कपाळाला लावला. आतल्या आत वाळून तो सुपारीएवढा झाला होता आणि खुळखुळत होता.

जुन्या लाकडाचा व्यापारी घाटकोपरहून टेंपो घेऊन आला होता. त्याने आढ्याभोवती एक फेरी मारली, खिशातून चाकू काढला आणि एका टोकाला काळं खरवडलं. खालून फिकट लाकूड दिसलं. त्याने चाकू जरा जोरात दाबला तसा तो आत गेला आणि बाहेर पिठासारखा भुगा सांडला.

"सेठ, सागवान किधर है?" तो म्हणाला. "ये तो आम है. चूल्हे का माल." त्याने तुळयांनाही चाकू लावला, हात झटकले आणि टेंपोत जाऊन बसला.

राजाराम भुग्याकडे बघत उभा राहिला. मालनने दोन महिने या घटकेची वाट पाहिली होती. त्याचं तोंड कसं होईल, विद्याधर कुठे बघेल, सगळं तिने मनात रंगवलं होतं आणि ते तसंच झालं. पण राजाराम पुढे जे बोलला ते तिने धरलं नव्हतं.

"बाबांनी बनवलं आपल्याला," तो म्हणाला. "आयुष्यभर सागवान सागवान करत राहिले. थापाड्या माणूस, यार! आईच्या पाटल्यांचे पैसे कुठे उडवले कोणास ठाऊक."

"पीत असतील," विद्याधर म्हणाला.

मालन दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"तोंड आवर, विद्या," ती म्हणाली. "आणि राजाराम, तू इकडे बघ. हे बासष्ट सालापर्यंत सागवानच होतं. बासष्टच्या मे महिन्यात ते इथून हातगाडीवरून गेलं. सातशे रुपयांना. तू तेव्हा मालवणला आंबे खात होतास."

"का? विकलं कशाला?"

"तुझ्या कचेरीतल्या एका माणसाला द्यायचे होते. काठावर पास झाला होतास तू. सातशे दिल्याशिवाय तुझं नाव यादीत वर सरकत नव्हतं. बाबांनी आढं उतरवलं, मी ह्या लाकडाला काजळी फासली, आणि तुझी मान खाली जाऊ नये म्हणून एकोणीस वर्षं तोंड शिवून बसले. तू कसलं सागवान विकतोस? तुझ्या वाटणीचं सागवान तू दर महिन्याच्या एक तारखेला खातोयस!"

धोंडूची माणसं कौलं रचता रचता थांबली. मिंधे नाही, वशिला नाही, चिरीमिरी नाही म्हणणारा राजाराम पायाने भुगा बाजूला सारू लागला.

"पुरावा काय?" शकु म्हणाली.

"तुझ्या पायाशी पडलाय," मालन म्हणाली.

राजारामने सावकाश कागदांची घडी घातली. बजेट कोलमडलं, तो कुणाकडेही न बघता म्हणाला. जमेची बाजूच राहिली नाही. आता पावसाळ्यानंतर नव्याने बसावं लागेल. विद्याधरला बोरिवलीला एक माणूस भेटायचा होता. शकुने नारळ पिशवीत घातला, त्याचं विसर्जन करायला हवं म्हणाली. दहा मिनिटांत तिघंही नाक्यावर पोचले होते. वर छप्पर नाही आणि आत बहीण आहे, हे जाताना कुणाच्याही ध्यानात आलं नाही, किंवा आलं म्हणूनच ते इतक्या लगबगीने गेले.

मालन विटांच्या ढिगावर बसली. डोक्यावर एप्रिलचं पांढरंफटक आभाळ होतं आणि घरात, जिथे आयुष्यात कधी ऊन पडलं नव्हतं तिथे, मोरीपर्यंत ऊन पडलं होतं. तिला हसू आलं, आणि मग स्वतःचीच चीड आली. भावांची फजिती बघायच्या नादात तिने आपलंच छप्पर उतरवू दिलं होतं. त्या दोघांची छपरं चेंबूरला आणि बोरिवलीला शाबूत होती. एका भोकाने, धोंडूच्या एका बारीक भोकाने, हे सगळं मार्चमध्येच कळलं असतं. आणि तिने वेळीच सांगितलं असतं तर बाबांना थापाडे म्हणवून घ्यावं लागलं नसतं. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

धोंडू तिच्या समोर उकिडवा बसला. "बाय, जूनाक दोन म्हयने नाय," तो म्हणाला. "काय करूचा?"

"तू लिहून घे," मालन म्हणाली. मग धोंडूला लिहिता येत नाही हे आठवून तिनेच राजारामच्या बजेटची तिसरी प्रत पाठीमागून कोरी होती ती मांडीवर घेतली. स्लॅब वगळला. मोझॅकला, पांढऱ्या टाइल्सना कुणी विचारतच नव्हतं. लोखंडी अँगल, त्यावर सिमेंटचे पत्रे. पश्चिमेची भिंत पाडून नवी. मोरीला गिलावा. खाली शहाबादी फरशी. ओटा, मालनच्या उंचीचा. धोंडू आकडा सांगायचा, ती घासाघीस करायची, आणि तासाभरात सगळं अकरा हजार दोनशेवर आलं. देखरेख तिने फुकट धरली. बारा हजार संपले की म्हातारपणाला हातात काय राहतं, हा हिशोब तिने त्या कागदावर मांडला नाही.

धोंडूने बिडी पेटवली. "मगे तो पोटमाळो नको ना आता? तुका खंय चढूचा आसा."

मालनने कागद उलटा केला. निळसर ओळ तिला आता न बघताही वाचता येत होती. साडेसहाशे घातले तरी बाराच्या आत बसत होतं.

"पोटमाळा कर," ती म्हणाली.

"कोणाक?"

"राजाराम येईल. आज ना उद्या येईलच, चेंबूरची खोली भाड्याने द्यायचीय त्याला."

"चार फुटांत तो उभो कसो रवतलो?"

"झोपायपुरतंच लागतं," मालन म्हणाली. तिने पेन घेतलं, त्या ओळीतलं 'ताई' खोडून 'राजाराम' लिहिलं, आणि उंची होती तशीच ठेवली.